निधीचे दोन शर्ट

वेस्ट मांबलम, चेन्नई
दि. ८ मे २०२५

ती. सौ. शैलाक्कास,
तुकोजीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

जुने शर्ट घ्यायचे नाहीत म्हणजे नाहीत. फोनवर तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तू फोन ठेवलास. वर दाजींचा निरोप, की ओरडायचं असलं तर कागदावर ओरड, शेजारी तरी ऐकू जाणार नाही. बरं. घे कागद.

निधी पाचवीला विट्याच्या मोठ्या शाळेत जाणार. आपल्या घरातलं पहिलं पोर तिथं पाऊल टाकणार आणि तू तिला तुझ्या थोरल्या जाऊच्या अमोघचे शर्ट घालून पाठवणार? तू म्हणतेस आकाशी शर्ट पोरापोरींना सारखाच, दोनदा धुतलेला आहे, कोणाला कळणार. कळतं आक्का. वर्गातल्या पोरांना सगळं कळतं, फक्त गणित कळत नाही.

दाजींचा खांदा बरा होईस्तोवर टेम्पो बंद, हे मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, कपड्यांचं मी बघतो. इथं शाळा आपल्या आधी उघडतात, त्यामुळं टी. नगरच्या रंगनाथन रस्त्यावर आत्ताच कपड्यांचे ढीग लागलेत. विट्याच्या दुकानापेक्षा नक्की स्वस्त.

माझं बरं चाललंय म्हणायचं. गलाईच्या भट्टीपुढं दिवसभर दुसऱ्यांचं सोनं वितळवायचं आणि संध्याकाळी स्टेशनचा पूल ओलांडून गच्चीवरच्या खोलीत यायचं. आम्ही चौघं आणि एक पंखा. मन लागत नाही. कोचीला एकजण नवीन दुकान टाकतोय, तिकडं बोलावतोय. गाडीभाड्याचे हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत. लगेच कपाळावर हात मारू नकोस.

राग निवला की लोभ कर.
तुझा,
तुकोजी

खालची वाडी, विटा
दि. १५ मे २०२५

चि. तुकोजीस,
अनेक उ. आ.

कपाळावर हात मारला. हैदराबाद, मदुराई, सेलम झालं, चेन्नईला आठ महिने टिकलास म्हणून मी देवापुढं साखर ठेवली होती. आता कोची. तिथून पुढं समुद्रच आहे, तेवढं बघून घे.

आता हिशोब ऐक, कारण तू नुसता आवेशानं बोलतोस. पुस्तकं शाळेतून मिळतात. एसटीचा पास मुलींना फुकट. जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून मी चार कच्च्या वह्या शिवल्यात. दप्तराची चेन बदलली, चाळीस रुपयांत नव्यासारखं झालं. उरतात दोन शर्ट, दोन स्कर्ट, बूट आणि पक्क्या वह्या. शर्ट जाऊबाईंनी दिलेत, तेच वापरले तर बाकीचं मी शिवणातून कसंबसं उभं करते. नाही वापरले तर एकही गोष्ट धड होत नाही. मग हे म्हणतात की हे वर्ष वाडीच्याच शाळेत राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू म्हटलेल्या गोष्टी आपल्या घरात पुन्हा कोणी बघत नाही, हे तुला सांगायला नको.

म्हणून मी जुनं घेते. हौस म्हणून नाही. तुला जुन्याची एवढी चीड का, ते एकदा सांग तरी. तूही जुनंच घालून वाढलास. माझ्याच हातचं.

जेवत जा. पत्र घाल, फोन नको.
तुझी,
शैला

वेस्ट मांबलम
दि. २२ मे

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार.

आता गप बस आणि वाच. घेतले! दोन आकाशी शर्ट, दोन निळे स्कर्ट, कोरे, घडी न मोडलेले. एकोणीसशे रुपये. तू फोनवर सांगितलेल्या विट्याच्या भावापेक्षा बरोबर तीनशे वाचले. दुकानदाराशी मी तमिळमध्ये घासाघीस केली आणि तो मराठीत हसला. तंजावरच्या मराठ्यांपैकी निघाला, आमच्या घरमालकीण महालक्ष्मी मामींसारखाच. त्यांचं मराठी कीर्तनातल्यासारखं आणि मधेच तमिळ. मी काही बोललो की त्या सेरी म्हणतात, म्हणजे बरं. पण तोंडावरून कळतं की बरं नाही.

मापाचं विचारू नकोस. निधीएवढी एक पोरगी दुकानात होती, तिच्या आईला विनंती करून पाठीला शर्ट लावून बघितला. बाई आधी घाबरली.

कपडे खोलीवर ठेवले नाहीत. आमच्या दाराला कडी नाही आणि चौघांपैकी एकाला दुसऱ्याचा टॉवेल आपला वाटतो. म्हणून कारखान्यातच ठेवलेत, बाळकृष्ण शेठच्या तिजोरीखालच्या फळीवर. बाहेर राखणदार, आत लोखंडी दार. निधीचा गणवेश सोन्याच्या शेजारी झोपलाय म्हणून सांग तिला. पाच जूनला शेठचा मेहुणा गावी येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो.

आणि ते जाऊबाईंचे शर्ट परत कर. आजच.

चीड का ते विचारलंस. काही नाही. उगाच.

तुझा,
तुकोजी

खालची वाडी
दि. २८ मे

चि. तुकोजीस, अ. उ. आ.

तू म्हणालास म्हणून शर्ट परत केले. जाऊबाईंनी घडी उलगडून बघितली, आम्ही वापरून दिले की काय म्हणून. मग म्हणाल्या, मामा मद्रासला सोन्यात लोळतो, त्यांना आमची चिंधी कशी चालेल. मी तशीच वळले. खोटं कशाला सांगू, जरा बरंही वाटलं.

निधीनं गल्लीभर सांगितलंय की तिचा गणवेश तिजोरीत आहे. रोज विचारते, मामाचं माणूस कधी येणार. कालपासून कॅलेंडरवर पाच तारखेला गोल केलाय. ह्यांचंही मन वळलंय, सोमवारी सोळा जूनला स्वतः पोचवायला जाणार म्हणतात, गळ्यात हात अडकवून का होईना.

म्हणजे आता सगळं तुझ्या त्या फळीवर आहे बघ. आठवणीनं दे. कोचीचं डोक्यातून काढ.

तुझी,
शैला

वेस्ट मांबलम
दि. २ जून

ती. सौ. आक्कास,
नमस्कार.

कसं लिहू कळत नाही. तीन कागद फाडले. सरळच लिहितो. निधीचे कपडे जळाले. आग लागली नाही, कोणाला इजा नाही. आम्हीच जाळले.

तुला माहीत आहे, गलाईच्या कारखान्यात सोन्याची धूळ सगळीकडं बसते. म्हणून वर्षातून एकदा आत वापरलेला सगळा कपडा भट्टीत जातो. आमचे कामाचे शर्ट, फडकी, पायपुसणी, झाडूसुद्धा. राखेतून सोनं काढतात आणि त्यातला वाटा कामगारांना देतात. आणि नियम असा, की आत आलेलं कापड बाहेर जात नाही, मग ते कोणाचंही असो. भिंतीवर लिहिलेलं आहे, तमिळमध्ये आणि मराठीत. नवीन कामगार आला की तो नियम वाचून दाखवायचं काम माझं. आक्का, माझं! मला वाटलं, पिशवीत बांधलेल्या नव्या कपड्याला तो कसा लागेल.

शनिवारी शेठनी मला मैलापूरला एका सराफाकडं माल पोचवायला पाठवलं. त्यानं बसवून ठेवलं. परत आलो तर फळी मोकळी आणि भट्टी पेटलेली. पोरांनी फळीसकट झाडून घेतलं होतं. मी ओरडलो, शेठवर धावून गेलो. शेठनी शांतपणे भिंतीकडं बोट केलं. मग मी खाली बसलो.

सगळ्यांत वाईट काय, तर कोऱ्या कपड्याच्या राखेत सोन्याचा कणसुद्धा नसतो.

संध्याकाळी मामींच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी विचारलं की गावात जुने शर्ट मिळत होते तर मी का नको म्हणालो. तुला कधी सांगितलं नाही ते त्यांना सांगितलं. आता तुलाही सांगतो, कारण त्या म्हणाल्या की ज्या माणसाला सांगायचं तिला सोडून भलत्याच बाईला सांगतोस, शहाणा आहेस का.

सातवीत मी तुझा शाळेचा शर्ट घालत होतो. आई गेल्यावर तू तो माझ्या मापाचा केलास, कॉलर उलटवून शिवलीस, सुरेख केलास. पण तो मुलीचा शर्ट. मुलींची बटणं डाव्या बाजूला असतात, मुलांची उजव्या. पहिल्याच आठवड्यात एकानं बघितलं. त्यानंतर वर्गात मला कोणी तुकोजी म्हटलं नाही. शैला म्हणायचे. हजेरीला, कबड्डीला, पाण्याच्या टाकीवर. शैला आली, शैला बस. मी मारामाऱ्या केल्या, मार खाल्ला आणि दिवाळीनंतर गेलोच नाही. तुम्हाला सांगितलं, डोकं चालत नाही. डोकं बरं चालत होतं. तुझ्या नावानं चिडवतात, हे तुला कसं सांगणार होतो?

म्हणून अमोघचे शर्ट नको म्हणत होतो. निधीला सगळे अमोघ म्हणतील.

मामींनी ऐकून घेतलं, सेरी म्हणाल्या नाहीत. आत जाऊन जुना शर्ट आणि सुई घेऊन आल्या आणि दाखवलं. काजं असतील ती आतून शिवून बंद करायची. त्यांच्यावरच बटणं लावायची. बटणं होती त्या पट्टीवर नवी काजं पाडायची. शर्टाची बाजू बदलते. एवढंच. तंजावरला त्यांच्या आईनं पाच मुलींना भावांचे शर्ट असेच वापरायला दिले. बारा वर्षं मी ज्याला घाबरत आलो ते एका बाईनं चहा निवायच्या आत उलटं करून दाखवलं.

जाऊबाईंकडं पुन्हा जा म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणतो. जा.

तुकोजी

खालची वाडी
दि. ८ जून

चि. तुकोजीस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. शिवणाचं मशीन माझ्यासमोर, काजं मी लोकांची पाडते, पाच रुपये घेते एका काजाचे. आणि माझ्याच भावाच्या अंगावरचा शर्ट मला दिसला नाही. एकोणीस वर्षांची होते हे काही कारण नाही. दिसायला पाहिजे होतं. तुला आम्ही सगळे ढ म्हणत राहिलो, तू म्हणू दिलंस.

निधीला जळाल्याचं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिनं विचारलं, मामाला लई रागावले का.

जाऊबाईंकडं गेले. वाटेत दोनदा मागं फिरावंसं वाटलं. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, तिजोरीची किल्ली हरवली वाटतं. मी सगळं खरं सांगितलं, राखेपर्यंत. तुझ्या शर्टाचं तेवढं नाही सांगितलं, ते आपल्यातलं. त्या आधी हसल्या, मग आत गेल्या आणि दोन शर्ट होते तिथं तीन दिले. वरून म्हणाल्या की बटणं नीट लाव, पोर विट्याला चाललीय. बाईचं मला आजवर कळलं नाही आणि आता कळायचं नाही.

दोन शर्टांची बटणं बदलून झाली, सहा सहा काजं. तिसरा मोठा आहे, पुढच्या वर्षाला ठेवला. पुढच्या वर्षी बघू, हे पहिल्यांदा बरं वाटलं म्हणताना. निधीनं घालून आरशापुढं दोनदा वळून बघितलं.

पण स्कर्टचं कापड, बूट आणि पक्क्या वह्या अजून नाहीत. मशीन गहाण ठेवू का म्हणून ह्यांना विचारलं, ते नको म्हणाले. शाळेला आठ दिवस आहेत. तुझ्यावर ओझं टाकत नाही, जसं आहे तसं कळवलं.

तुझी,
शैलाक्का

वेस्ट मांबलम
दि. १२ जून

ती. सौ. शैलाक्कास,
तुकोजीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मशीनला हात लावशील तर बघ. हे पत्र पोचेस्तोवर निधी शाळेत बसलेली असेल, म्हणून पैसे आजच दाजींच्या फोनवर टाकतोय. कशाचे किती, ते कागदावर असू दे. फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

राखेचा वाटा आला. माझ्या आठ महिन्यांच्या कामाच्या शर्टांतून, फडक्यांतून जे निघालं त्याचे सोळाशे चाळीस. शेठनी स्वतः मोजून दिले आणि विचारलं, पोरीच्या शाळेचं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी नियम बदलला नाही, पण दाराबाहेर एक खुंटी ठोकून घेतली, कामगारांच्या पिशव्यांसाठी. नियमाच्या खाली आता तेही लिहायचं आहे. मराठीतलं मी लिहिणार. अक्षर बघून शेठ म्हणाले, किती शिकलास. सातवी म्हणालो. दिवाळीपर्यंत, असं पुढं म्हणालो नाही.

कोचीच्या गाडीभाड्याचे हजारही टाकतोय. आता तू विचारशील, मग जाणार कसा. तेच तर. पैसे नाहीत तर जाणार कसा? पावसाळा संपेपर्यंत इथंच आहे, पुढचं विचारू नकोस. मामी म्हणाल्या, रविवारी खाली येत जा, शाळेच्या कपड्यांची काजं-बटणं माझ्याकडं भरपूर येतात. मी सेरी म्हणालो.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांग. खरा. टोमणा नाही.

निधीला सांग, पहिल्या दिवशी कोणी काय म्हणालं ते मामाला पत्रात लिही. चांगलं असो वाईट असो, सगळं लिही. लपवायचं नाही, ते आपल्या घरात एकदा करून झालंय.

राहिली तुझी मजुरी. बाहेर एका काजाचे पाच घेतेस म्हणालीस, तर घरातही तोच भाव. निधीच्या दोन शर्टांची बारा काजं. आणि सहा माझ्या सातवीतल्या शर्टाची, ती तू आज पाडलीस असं मी धरतो. बारा वर्षं उशीर झाला म्हणून व्याज लावू नकोस. अठरा काजांचे नव्वद.

भांडण संपलं असं समजू नकोस, लोभ मात्र धर.

तुझा,
तुकोजी

सोळाशे चाळीस, हजार आणि नव्वद. एकूण पाठवतोय रुपये दोन हजार सातशे तीस.