सकाळी गायब होणारा शिक्का

५ जाने., सोम.
शिक्का परत गायब.
शनिवारी मी स्वतः लावून गेले होते. मेल उघडली की वरच्या पट्टीत लाल गोल दिसला पाहिजे. तो दाबला की साडीच्या फोटोवर आमच्या सुरतच्या पेढीचं नाव आडवं उमटतं, म्हणजे कोणी डिझाइन चोरायला नको. मग तो फोटो दिल्ली-कोलकात्याच्या एजंटांना. मेलला जोडलेल्या त्या अ‍ॅड-इनला काम एवढंच, तेही होत नाही. सेटिंगमध्ये जा, अ‍ॅड-इनची यादी काढ, टिक कर, मेल बंद करून परत उघड. आला. उद्या सकाळी बघावं तर टिक गेलेली.
शेठ म्हणाले, "मनीषा, तने मोबाइल फावे छे ने? तो आ पण जो."
मोबाइल फावतो म्हणजे सगळंच फावत असणार! मी हो म्हटलं. मी कशालाही हो म्हणते. उधन्याला मोबाइल कव्हरचं दुकान, मग पार्लर, मग कडोदऱ्याला मिलच्या गेटवर पास लिहिणं, सगळीकडे अशीच हो म्हणून गेले. आई म्हणते, "तुले कोठेच टिकानं नही." मी म्हणते, बघून झालं की निघायचं, त्यात काय.

६ जाने.
अ‍ॅड-इन मुळापासून काढून नव्याने टाकलं. मेल सेफ मोडमध्ये उघडून पाहिली. सेफ मोडमध्ये काय बघायचं असतं ते माहीत नाही, पण उघडली. आला शिक्का.
दुपारी जरा पाय मोकळे करायला उतरले ती नदीकडे पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, खायला गेले. येताना रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे. गुलाबी, मग हिरवा, परत गुलाबी... तिथेच उभी राहिले. पेढीवर पोचले तर शेठ घड्याळाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. शिक्का मात्र जागेवर.
जमलं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणे, "ते ऱ्हाऊ दे, जेवनी का?"

७ जाने.
नाही जमलं.
अकराला पोचले, मेल उघडली, पट्टी मोकळी. चिराग बघून हसला. शेठचा भाचा. सकाळचे फोटो पाठवायचं काम त्याचं, मी येईतो ते गेलेलेही असतात. "मॅडम आवी गया. करो, करो चालु."
केलं. परत.

८ जाने., गुरु.
आज फार वाईट झालं.
समोरच्या मार्केटमध्ये आमची साडी टांगलेली. बोंडांच्या वेलीची. कापसाची उमललेली बोंडं, मधे एखादं बंद, ही वेल आमच्याकडे नक्षी काढणाऱ्या कल्पनाताईंच्या हातची, दुसऱ्या कोणाला ती सुचायची नाही. कापड हलकं, छपाई फिकी, पण वेल तीच. आमचा माल अजून कडोदऱ्याहून छापून यायचाय.
शेठनी क.ताईंना सगळ्यांसमोर उभं केलं. "शिक्का वगरनो फोटो कोनी पासे होय? एकली तारी पासे."
मुद्दा असा की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोटोवर शिक्का, बिनशिक्क्याचं मूळ चित्र फक्त ते काढणारीकडे. मग चोर कोण?
क.ताई म्हणाल्या, "शेठ, मले चोर म्हनता? सांभाळून बोला." 
मी म्हटलं, शेठ, तो शिक्का रोज गळून पडतो, तुम्हीच मला—
"तू बेस."
चिराग म्हणाला, "शिक्को तो हतो, मामा. हुं रोज मारुं छुं."
क.ताईंनी पेन्सिली गोळा केल्या, डबा पिशवीत टाकला, चष्मा पुसला, गेल्या. जाताना खुर्ची नीट आत सरकवून गेल्या. मला त्या खुर्चीचाच राग आला जास्त.
मी बसले नाही. दिवसभर उभ्यानेच काम केलं. कोणी विचारलंही नाही का.

९ जाने.
आयटीवाल्या भाईंना फोन लावला, ज्यांनी हे अ‍ॅड-इन बसवलं ते. बरा माणूस आहे, वैतागत नाही. म्हणाले, "बेन, बिघडलेलं काही नाही. मेल उघडताना ते कशाची तरी वाट बघत बसतं. सॉफ्टवेअरला वाट बघायला आवडत नाही, ते त्याला आळशी समजून बंद करतं. कोणाची वाट बघतं ते शोधा."
मी हो हो म्हटलं. तेवढ्यात खालून पतंगांची हातगाडी चाललेली, एकावर घुबड काढलेलं. फोन ठेवून पळाले. घुबड मिळालं.

११ जाने., रवि.
कोसाडला क.ताईंकडे. बिल्डिंगी सगळ्या सारख्या, चुकून आधी भलत्याच घरात शिरले, तिथे चहा प्यायले, मग यांच्याकडे.
"काहून आली वं?"
"तुमचं नाव साफ करायला."
"आधी तुयी चप्पल साफ कर पोरी, लादी पुसली आताच."
हसल्या, पण जेवताना बोलल्या. दोन पेढ्यांवर जाऊन आल्या. दोन्हीकडे आधी बसा म्हटलं, पाणी दिलं, नाव सांगितल्यावर "पछी जोईशुं," नंतर बघू. मार्केटमध्ये शब्द फिरला की फिरला. साडीची नक्षी काढणाऱ्या बाईवर चोरीचा ठप्पा बसला तर तिच्यासमोर कोण आपलं कापड पसरणार? अकोल्याहून आल्या तेव्हा धाग्याचं काम, मग नक्षी, मग स्वतःचं टेबल. आता म्हणतात परत धागे कापीन, बोटं आहेत ना.
मी म्हटलं, नाही कापायचे.
"तू सांगनार का शेठले?"
सांगणार. का नाही सांगणार!
येताना घुबड त्यांच्या भिंतीला लावून आले. नको म्हणत होत्या.

१४ जाने., उत्तरायण
सगळं सुरत गच्चीवर. बोट कापलं, पट्टी बांधून लिहितेय, अक्षर असंच येणार.
दुपारी माझा पतंग मस्त चढलेला, पेच लागला, मी ओरडले ढील दे, ढील दे! फिरकी धरणारी बहीण खाली उंधियु वाढून घ्यायला गेलेली. फिरकी जमिनीवर पडलेली. ढील द्यायला कोणी नाही. गेला पतंग. खालून पोरं ओरडली, काट्यो छे!
बहिणीवर ओरडायला तोंड उघडलं आणि आयटीभाईंचं बोलणं आठवलं. कोणाची वाट बघतं ते शोधा. अरे. दिवसभर टिकतं, फक्त सकाळी जातं. म्हणजे सकाळी कोणीतरी जागेवर नसतं. आणि सकाळी मीही कधी जागेवर नसते. मी अकराला जाते!
उद्या वासी उत्तरायण, मार्केट बंद. शुक्रवारी शटर उघडताना जायचं. आईला सांगितलं लवकर उठव. ती म्हणे, परत सांग.

१६ जाने., शुक्र.
गेले. चिरागच्या मागे उभी राहिले. तो म्हणे, "आटली वहेली? मांदी छे?" लवकर आले म्हणजे आजारीच असणार!
पाहिलं ते असं.
तो आल्या आल्या मेल उघडतो. तिकडची दुकानं उघडायच्या आत एजंटांना फोटो लागतात. मेल अडकते, गोल गोल फिरते. मग पिवळी पट्टी येते, या अ‍ॅड-इनमुळे उशीर झाला म्हणून ते बंद केलं आहे, कायम चालू ठेवायचं का? चिराग न वाचता फुली मारतो. पट्टी गेली, शिक्का गेला. मग धडाधड फोटो. बिनशिक्क्याचे. सगळ्या एजंटांना. म्हणजे बिनशिक्क्याचं चित्र एकट्या क.ताईंकडे नव्हतंच.
"चिरागभाई, शिक्का?"
"आवी जशे ने. तू रोज करे छे तो."
मी रोज करते! अकराला येऊन मीच टिक लावायची, आणि दिवसभर सगळं ठीक दिसायचं. वा.
मग मी पट्टीवरचं 'कायम चालू' दाबलं. लाल गोल आला. दाबला तर काहीच उमटेना. शिक्क्याचं चित्र सापडत नाही म्हणे. कुठे ठेवलंय चित्र? आयटीभाईंना फोन. "शेठना विचारा, मी सांगितलं होतं तिथे नको."
देवाच्या कॉम्प्युटरवर.
गणपती-लक्ष्मीच्या फळीखाली तो जुना डबा आहे, पडद्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक. शेठच्या वडिलांनी घेतलेला पहिला कॉम्प्युटर, त्याच्यावरच धंदा वर आला. रोज सकाळी शेठच्या आई, बा, घरून येतात, आरती करतात, मग आपल्या हाताने तो चालू करतात. त्याआधी कोणी हात लावायचा नाही. शिक्का देवापाशी राहिला तर बरकत म्हणून शेठनी चित्र तिथे ठेवायला लावलं. आणि आरती होते चिरागचे फोटो गेल्यावर. म्हणजे सकाळी मेल वाट बघत बसते ती या बंद डब्याची.
शेठ आले तसं सगळं सांगितलं. म्हटलं, चित्र चिरागच्या कॉम्प्युटरवर हलवू, लगेच होईल. "शिक्को भगवान पासेथी नहीं खसे." मग आरती आधी करा. "बाने कोण कहेशे?" मग चिरागला थांबायला सांगा. "पार्टी न थोभे." गिऱ्हाईक थांबत नाही म्हणे.
आणि क.ताई?
शेठ चिरागकडे बघत होते, चिराग मोबाइलकडे. बहिणीचा मुलगा. शेठ म्हणाले, "जो, साबित तो कंई नथी."
बरं. साबीत करते.

१७ जाने., शनि.
शटरवाल्याबरोबरच आत शिरले. आंघोळ केली होती. बूट घातलेले, ते राहिलेच. फळीला नमस्कार केला, म्हटलं माफ करा, आणि देवाचा कॉम्प्युटर चालू केला. घरघर सगळ्या पेढीत.
चिराग आला, मेल उघडली. पट्टी नाही. लाल गोल जागेवर. दाबला, बोंडांच्या वेलीवर पेढीचं नाव आडवं उमटलं. त्याला म्हटलं, हात नको लावू, शेठ येईपर्यंत असंच राहू दे.
शेठ आले आणि त्यांच्या मागेच बा. बा दारातच थांबल्या. घरघर ऐकली. "कोणे चालु कर्युं?"
मी म्हटलं, मी.
माझ्या बुटांकडे बघितलं. फुलांची पिशवी टेबलावर ठेवली आणि आरती न करता परत गेल्या. आरतीशिवाय पेढी कधी उघडली नव्हती म्हणे. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच गणपती उचलून नेलाय.
शेठनी पडदा बघितला. समजलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं. मग एका दमात बोलले, "सोमवारथी तू न आवती. अने कल्पनाने फोन करी दे, आवी जाय."
म्हणजे मी चुकले आणि त्या सुटल्या. चिरागचं काय झालं? काहीच नाही. त्याने चहा मागवला.
क.ताईंना फोन लावला. वाटलं रडतील नाहीतर हसतील. म्हणाल्या, "चोर म्हनलं तवा फोन केला होता का? सगळ्यांसमोर म्हनलं ना? मंग आताही सगळ्यांसमोर म्हना." आणि ठेवला.
असंच पाहिजे! मी त्यांच्या जागी असते तर मी पळत आले असते. मला शिकायला पाहिजे.

१८ जाने.
आई म्हणे, "हाईबी गयं ना कामधंदा." म्हटलं हो. म्हणे, "मग सकाये का बरं लवकर उठाडू?" म्हटलं, उठव. उद्या जायचंय.
"काढी टाकं ना तुले?"
काढलं असेल. मी कुठे निघालेय? पहिल्यांदाच बघून झालेलं नाही.

१९ जाने., सोम.
हे मार्केटखालच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितेय.
सकाळी क.ताईंना कोसाडहून घेऊन आले. आधी नाहीच म्हणत होत्या, मग म्हणाल्या खालपर्यंत येते, वर नाही. त्यांना टपरीवर बसवलं आणि मी एकटी वर गेले. बूट बाहेर काढले.
वर कोणी नसेल असं वाटलं होतं. बा होत्या. एकट्या, खुर्चीवर. फळीवर ताजी फुलं, अगरबत्ती अर्धी जळालेली, आणि देवाचा कॉम्प्युटर घरघरत होता. चिराग अजून यायचाय. मी चिरागची मेल उघडून पाहिली. लाल गोल जागेवर. दाबला, नाव उमटलं.
शेठ आले. मला बघून, "तने ना पाडेली ने?" नको येऊ म्हटलं होतं ना, म्हणून.
म्हटलं, कामाला नाही आले, निरोप द्यायला आले. कल्पनाताई खाली टपरीवर बसल्यात. वर येणार नाहीत. त्या गुरुवारी इथे जेवढे उभे होते तेवढे सगळे घेऊन तुम्ही खाली या आणि त्यांच्यासमोर बोला. चिरागलाही आणा.
"हुं? नीचे? चानी लारी पर?"
हो. तिथेच.
शेठनी बांकडे बघितलं. बांनी गणपतीकडे. मी उतरले, लिफ्टने नाही, पायऱ्यांनी, नाहीतर वाटेत काहीतरी उलटं बोलले असते.
आता चिराग आला, आम्हाला बघून न बघितल्यासारखं करत वर गेला. क.ताई सांडलेल्या चहात बोट बुडवून टपरीच्या फळीवर काहीतरी काढतायत. बोंडं नाहीत. नवीन काहीतरी, विचारलं तर हाताने पुसून टाकतील म्हणून विचारत नाही.
म्हणाल्या, "हा चहा होईस्तोर. मंग मी चालली."
टपरीवाला आमच्यासाठी आलं ठेचतोय. त्याला हळूच सांगितलं, भाई, चांगला उकळू दे. आम्हाला घाई नाही.