गडव्यावरचे ठसे

रुआबांधा, भिलाई
१९ नोव्हेंबर १९५८

ती. मथुराबाईस फकिराचा दंडवत. सवयीनं आधी 'सौ.' लिवलं होतं, मंग खोडलं. वरचा डाग तोच.

मी खुशाल आहो. इथं भट्टीचं लोखंड आभाळाले टेकून राहिलं. काल बाजारात एक रशियन बाई सीताफळ सालीसकट खात होती, सारा बाजार हसला. तू असती तर तिले सोलून दिलं असतं. असो.

माझं शिकणं चालू आहे. पोलिसांचे फोटोवाले हिरालालजी मले हाताखाली घेऊन राहिले. आधी नुसतं पाहाचं, मंग फोटो, मंग भुकटी फिरवून बोटांचे ठसे उठवाचे. तवरोक कोणाले हात लावू द्याचा नाही. ते म्हणतात, "सबूत चोर नहीं मिटाता बेटा, रोनेवाले मिटाते हैं."

भाऊजींच्या खोलीवर पहिला मीच पोचलो. चोरट्यानं डोक्यात सळाख घातली, हे मामानं तुले सांगितलंच. अंग गार पडलं होतं. शेजारची रुक्माबुढी वाटीत पाणी घेऊन धावली, तोंडात दोन थेंब टाकतो म्हणे. म्या हात आडवा केला. "मावशी, साहेब येऊ दे."

"मेल्या, तुहा भाटवा, बहिणीचा नवरा होय तो, का सरकारचा?"

मी दारातून हललो नाही. तोंड झाकू दिलं नाही. मंग दवाखान्यात चिरफाड झाली. तिथून आणलं तेव्हा जबडा बांधला होता.

तू विचारलं, तोंडात पाणी कोणं टाकलं. मामा म्हणे, 'फकिरानं टाकलं' असंच लिव. तेच लिवणार होतो.

कोणीच नाही टाकलं, बाई.

खोलीतल्या पाण्याच्या गडव्यावर रक्ताचे ठसे होते. चोरट्याचे असतीन म्हणून मी आशा धरून बसलो. हिरालालजींनी भिंग माझ्याच हाती दिलं. सारे भाऊजींचे निघाले. पडल्यापडल्या त्यायनं गडव्याले हात घातला होता. तो कलंडला, अन् पाणी जमीन पिऊन गेली.

चोरटा काही सापडला नाही. हिरालालजी मात्र माझ्यावर खूश आहेत. जागा अशी राखणारा पोरगा पाहिला नाही म्हणे. सागर गावच्या पोलीस शाळेत शिकाले पाठवतो म्हणतात.

जायच्या आधी गावी येतो. दारात उभा राहिलो तर हातावर पाणी देशील का, तेवढं लिव. नाही लिवलं तरी समजन.

तुहा भाऊ,
फकिरा