क्रेम्याची दोन पातेली

मी, बनाबाई जोतीराम इंगवले, वय बावन्न, धंदा क्रेमा करून विकणे, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. शिक्षण मराठी तिसरी. वकिलांनी नमुना दिला तो पुढ्यात आहे, पण त्यात माझं काही बसत नाही, म्हणून मला येतं तसं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. पोटात गाठ आहे. गुरुवारी मिरजेला ऑपरेशन आहे. कोणी धाक घातला म्हणून लिहीत नाही, मला कोण धाक घालणार.

कलम पहिले. राहतं घर, पुढची ओसरी आणि मागचं न्हाणीघर माझी सून शालूबाई हिला द्यावं. माझा मुलगा तात्यासो याला राग येईल. येऊ दे. त्याच्या नावावर केलं तर तो विकून इचलकरंजीला माग घालायला जाईल. शालूच्या नावावर असलं तर त्याला घरी जेवायला यावं लागेल.

कलम दुसरे. दीर आकाराम यांना काही नाही. यजमानांच्या बाराव्याला त्यांनी पलटणीची ट्रंक उचलून नेली. ती परत मागत नाही. आतला गरम कोट त्यांच्या अंगात शिरत नाही, हे मला माहीत आहे.

कलम तिसरे. पितळेचं पातेलं, काचेच्या वाट्या आणि लाकडी चमचा शालूला. चमचा यजमानांनी लढाईतून आणला. ते मराठा पलटणीत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी होते. इटली मुलखात एका गावात पलटण महिनाभर थांबली, तिथल्या एका म्हातारीनं त्यांना क्रेमा, म्हणजे दूध-अंड्याची दाट गोड खीर, शिकवला. हे साखर द्यायचे, ती अंडी द्यायची. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हलवताना यांची नजर दुसरीकडं गेली की ती याच चमच्यानं मनगटावर मारायची. घरी आल्यावर यांनी मला शिकवला, तेव्हा मलाही दोनदा बसला.

तात्यासो डब्यातली पिवळी पावडर घेऊन आला होता. म्हणाला, "आई, पाच मिनिटांत होतंय की." मी म्हटलं, "पाच मिनिटांत तू तरी झालास काय रं?" तेव्हा शालू, रीत कागदावर राहू दे. अंड्यातला पिवळा बलक तेवढा घ्यायचा, साखर घालून पांढरट होईपर्यंत घोटायचा. तापलेलं दूध धारेनं सोडायचं, लिंबाची साल टाकायची. खाली मोठ्या पातेल्यात पाणी, वर पितळेचं, आणि पाण्याला तळ टेकू द्यायचा नाही. एकाच बाजूनं हलवत राहायचं. चमच्यावर बोट ओढलं की रेघ राहिली पाहिजे. घाई केलीस तर फाटतं. मला जगात कशाचा धीर नाही, पण चुलीपुढं तेवढा धरला. वाटीच्या तळाला ताजं फळ, वरनं गार क्रेमा. उन्हाळ्यात आंबा, जेठात गगनबावड्याची जांभळं, पुढं सीताफळ, थंडीत अंजीर. त्या महिन्यात झाडावर नाही ते वाटीत नाही.

कलम चौथे. पोस्टातलं पुस्तक ऑपरेशनला. उरलं तर शालूला.

कलम पाचवे. हे राजमतीसाठी आहे.

राजमती बाहुबली मगदूम, माझी शेजारीण, जैन. यजमान गेल्यावर भाऊबंद मला गावाकडं न्यायला आले, तेव्हा ही आमच्या उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "ती कुठं जात न्हाई. पावणं, च्या घ्या आणि चला." तिच्यामुळं हा धंदा उभा राहिला. तिच्यासाठी मी दुसरा क्रेमा काढला, बिनअंड्याचा, दूध आटवून आरारूट लावून. त्याला जर्मनचं, म्हणजे अल्युमिनचं पातेलं वेगळं, चूल वेगळी, चमचा वेगळा. पितळेच्या पातेल्याचा हात तिकडं कधी लागू दिला नाही.

एक दिवस सोडून.

सदुसष्ट साली वैशाखात तिच्या थोरलीला बघायला पेठ वडगावची माणसं आली होती. राजमतीनं त्यांच्यापुढं माझ्या क्रेम्याचं लई कौतुक केलं आणि सात वाट्या सांगून पाठवल्या. मी त्या वेळी दारात एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. आत आले तर बिनअंड्याचं, जर्मनचं पातेलं करपलेलं. निरोप्या दारात उभा. "आज न्हाई" एवढंच म्हणायचं होतं. मला ते म्हणवलं नाही. सातही वाट्या मी पितळेच्या पातेल्यातनं भरल्या, अंड्याच्या.

सांजच्याला राजमती स्वतः वाट्या द्यायला आली. "बने, आज काय घातलंस गं? असला कधी झाला न्हवता." मी म्हटलं, हापूस होता. लग्न ठरलं. त्यानंतर सात वर्षं दर आंब्याला ती म्हणते, "त्या दिवशीसारखा कर की." आणि मी म्हणते, आता तसला आंबा येत नाही.

राजमती, मी तुला आणि तुझ्या व्याह्यांना अंडं खायला घातलं. चुकून नाही, बघून घातलं. त्यांना सांगायचं का नाही ते तू ठरव. तोंडानं सांगायला सात वर्षांत जमलं नाही. तुला काही ठेवलेलं नाही, कारण घेणाऱ्यानं साक्षीला बसू नये असं वकील म्हणतात, आणि साक्षीला तू पाहिजेस हे मी महिन्यापूर्वीच बोलले होते. आता वाचल्याशिवाय सही करू नको.

कलम सहावे. शालू, ज्या दिवशी बिनअंड्याचा बिघडेल त्या दिवशी दारात कोणीही असो, आज नाही म्हणायचं. हे न पाळलंस तर पितळेचं पातेलं मोडीत घालावं.

हा कागद आज मंगळवारी शालूच्या हातनं राजमतीकडं पाठवते. बुधवारी सकाळी दहाला दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीन. राजमती आली नाही तर तिला कोणी बोलवायला जाऊ नये. वकिलांनी त्यांचा कारकून बसवावा.

सही: बनाबाई जोतीराम इंगवले
कोल्हापूर, बुधवार, ता. १२ जून १९७४

साक्षीदार
१. त्र्यंबक विष्णू सांगवडेकर, निवृत्त शिक्षक, शुक्रवार पेठ. लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली.
२. राजमती बाहुबली मगदूम. लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली. पाचवे कलम काल रात्री दोनदा वाचले. कागदावर सांगितलेले मी धरत नाही. मिरजेहून परत यावे आणि माझ्यापुढे बसून तोंडाने सांगावे. मग मला काय बोलायचे ते मी बोलेन.