दुसऱ्याच्या नावाचं पाकीट

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, असं लिहिणार होते. पण तू दचकणारच. फोन केला नाही, कारण फोनवर तू रडतेस, मग मी ओरडते, आणि सांगायचं ते राहून जातं. तेव्हा आधी नीट बस. चष्मा लाव. मेहुणेबुवांना काहीतरी आणायला बाहेर पाठव.

मला कॅन्सर झाला आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा. लिहून टाकलं एकदाचं.

आता क्रमाने सांगते. पाळी जाऊन मला चौदा वर्षं झाली. गेल्या ऑगस्टपासून मधूनच डाग पडायला लागले. अगदी थोडे. वयाचं असेल, जिने चढल्याचं असेल, उष्णतेचं असेल, अशी सहा महिने मी त्यांना निरनिराळी नावं देत बसले. आपल्याला शाळेत शरीर हा शब्दच शिकवला नव्हता, मग त्याची तक्रार कोणत्या शब्दांत करणार? जानेवारीच्या शेवटी चक्क रक्तच गेलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासायचं असतं, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. तुला आज कळलं. पुढे सांग.

आता ज्यावरून तू मला फाडून खाणार आहेस ते. रिपोर्ट ९ फेब्रुवारीला माझ्या हातात आला. बंद पाकिटात, वर डॉक्टरीणबाईंचं नाव आणि खाली 'गोपनीय'. बाई रजेवर. दवाखान्यातल्या मुलीने सांगितलं की आल्यावर घेऊन या. मी ते पाकीट रेडिओशेजारी उभं करून ठेवलं. ते तिथे एकोणीस दिवस उभं होतं. रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसत होते.

छत्तीस वर्षं पोस्टाच्या छाननी विभागात काढली मी. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट या हातांनी कधी उघडलं नाही, आणि ते उघडायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. बाई परत आल्या, त्यांनी ते फोडलं, वाचलं आणि तुम्ही उघडून का पाहिलं नाहीत, म्हणून मलाच विचारलं. मी म्हणाले की माझ्या नावाचं नव्हतं.

रजेवर जाताना मागे कोणाला नेमायची पद्धत पोस्टात शिपायालासुद्धा आहे, हे मी त्यांना ऐकवलंच. पण खरं सांगते, त्याच दुपारी त्यांनी स्वतः तीन फोन फिरवून मला मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंची वेळ मिळवून दिली, आणि जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्यामुळे राग अर्धाच उरला आहे. बाकी अर्धा रेडिओकडे बघितलं की येतो. तो माझा माझ्यावरच आहे.

लोभ आहेच, तो फोनवर न रडता वाढवावा.

तुझी,
ताई


१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

रडले. फोनवर नाही, तुझ्या आज्ञेप्रमाणे शिलाईच्या मशीनवर बसून रडले. एका गणवेशाची बाही उलटी लागली. ती उसवून मग हे पत्र लिहायला घेतलं.

ताई, तू महामूर्ख आहेस. लहान बहिणीने असं लिहू नये, पण लिहिते. घराला आग लागली आणि बंबवाल्याचा पत्ता शेजाऱ्याच्या पाकिटात निघाला, तर तू शेजारी गावाहून येईपर्यंत जळत बसशील! आणि माझ्या डब्यातली बिस्किटं न विचारता फस्त करायचीस, तेव्हा कुठे गेली होती ही नीती?

इथे ज्याला त्याला एकच प्रश्न, कितवी स्टेज? जिन्यात भेटलेली बाई विचारते, भाजीवाली विचारते. मला काय ठाऊक! ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या बहिणीला अंडाशयाचा झाला होता, तिसऱ्या स्टेजचा. त्यामुळे तुझं पत्र आल्यापासून हे घरात पाऊल न वाजवता चालतात, जणू तू पलीकडच्या खोलीत झोपली आहेस. मला त्याचाच जास्त राग येतो.

एक मात्र सर्जनबाईंना नक्की विचार. त्या एकोणीस दिवसांत ते पुढे सरकलं असेल का? मला झोपताना तेवढंच आठवतं. तुलाही आठवत असणार, म्हणून तर तू ते पाकिटाच्या गोष्टीत हसत हसत गुंडाळलंस. मी तुझी बहीण आहे, मला ओळखू येतं.

ऑपरेशनची तारीख कळव. मी येणार आहे. उशी माझी मी आणीन, तुझ्या उशा विटा आहेत. त्यावर वाद नको.

लोभ असावा, आणि थोडी अक्कलही असावी.

तुझी,
धाकटी


१७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

महामूर्ख हा शब्द फाइलला लावला. उत्तर सवडीने देईन.

सर्जनबाई भेटल्या. वय जेमतेम चाळीस, पायात मळके बूट, पण डोकं स्वच्छ. मी म्हणाले की मला लहान मुलासारखं समजावू नका आणि घाबरवूही नका. त्यांनी माझ्याच कार्डाच्या पाठीवर चित्र काढलं. मी कुठे नोकरीला होते ते विचारून घेतलं आणि मग सगळं पोस्टाच्या भाषेत सांगितलं. असा डॉक्टर मी पाहिला नव्हता.

तर तुझ्या भाजीवालीसाठी लिहिते. स्टेज म्हणजे रोग कुठवर पोचला त्याचा पत्ता. गर्भाशयाच्या शरीरातच असेल तर पहिली, म्हणजे पत्र अजून घरातच आहे. खाली गर्भाशयाच्या मुखात शिरला तर दुसरी, म्हणजे दारात. गर्भाशयाबाहेर पण शेजारीपाजारी, अंडाशयात किंवा जवळच्या लसीकाग्रंथींमध्ये गेला तर तिसरी, म्हणजे गल्लीत. आणि मूत्राशयाच्या किंवा आतड्याच्या आत, नाहीतर फुप्फुसासारख्या लांबच्या ठिकाणी पोचला तर चौथी, म्हणजे परगावी. प्रत्येकीत पोटभाग आहेत, ते तुला झेपणार नाहीत. मलाही दोनदा विचारावे लागले.

ग्रेड म्हणून आणखी एक आकडा असतो. तो वेगळा. पेशी दिसायला किती बिघडल्या आहेत, म्हणजे टपाल साधं की तातडीचं, ते त्यावरून कळतं. माझा ग्रेड एक आहे, साधं टपाल. लोक या दोन आकड्यांची सरमिसळ करून उगाच रडतात किंवा उगाच पेढे वाटतात.

मेहुणेबुवांना सांग, पाऊल वाजवून चाला. अंडाशयाचा, गर्भाशयमुखाचा आणि माझा, तिघांचे नियम वेगळे. एकीचा तीन आणि दुसरीचा तीन एकाच तराजूत घालायचे नाहीत.

स्कॅनवरून पहिली स्टेज वाटते. पण सर्जनबाईंनी 'वाटते' या शब्दावर पेन टेकवून ठेवलं. गर्भाशय, दोन्ही नळ्या, अंडाशयं आणि काही ग्रंथी काढून प्रयोगशाळेत तपासल्या की मगच खरा आकडा कळतो. आज त्यांनाही माहीत नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. धाकटे, सगळं ठाऊक असल्याचा आव आणणारे साहेब मी छत्तीस वर्षं पाहिले. माहीत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हाती मी खुशाल पोट देईन. तारीख २७.

तुझा प्रश्न विचारला नाही. आणखी काही विचारायचंय का, असं त्यांनी दोनदा म्हटलं. मी खोलीतला पंखा आवाज का करतो ते विचारलं.

आता पाकिटाचं. तू तेव्हा घरी होतीस, लहान होतीस, तुला ठाऊक नाही. बोर्डिंगमध्ये आमची पत्रं फोडून मगच आमच्या हाती यायची. मी दहा वर्षांची असताना आईने लिहिलं होतं, अजून अंथरूण ओलं होतं का ग? बोर्डिंग चालवणाऱ्या मदरने ते जेवणाच्या खोलीत उभं राहून मोठ्याने वाचलं. साठ मुली होत्या. त्या रात्री मी ठरवलं की दुसऱ्याचं पाकीट आपण मरेस्तोवर उघडायचं नाही, आणि आपल्या पोटाखालचं कुणाला सांगायचंही नाही. पहिलं छत्तीस वर्षं उपयोगी पडलं. दुसऱ्याने सहा महिने खाल्ले.

उशी आण. लोभ आहे तसाच ठेवावा, उसवू नये.

तुझी,
ताई


१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सुखरूप पोचले. दुकानात गणवेशांचा ढीग छातीपर्यंत आहे, पण मन अजून तुझ्या वॉर्डातच आहे. शुद्धीवर आल्यावर तू पहिलं वाक्य काय बोललीस ते ह्यांना सांगितलं: नर्सच्या टेबलावरचे केसपेपर आकड्यांच्या क्रमाने नाहीत! दुसऱ्या दिवशी त्या बिचारीने खरंच लावून दाखवले. पण तिसऱ्या दिवशी तीच तुला धरून चालवत होती आणि तू तिला मुली, मुली म्हणत होतीस, तेही मी पाहिलं. सकाळी लवकर येऊन लादी पुसणाऱ्या मावशी रोज माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवायच्या. आपण त्यांना नावही विचारलं नाही. आता गेलीस की विचार.

एक गुन्हा कबूल करते. तुझी उशी झटकताना खाली एक चिठ्ठी मिळाली. घडी घातलेली होती. मी उघडली. तुझ्या अक्षरात एवढंच होतं: 'विचारायचं – १९ दिवस.' कडा झिजल्या होत्या, म्हणजे बरेच दिवस जवळ बाळगत होतीस. दुसऱ्याची चिठ्ठी वाचली, काय ती शिक्षा कर. पण मी ती वाचली नसती तर मला वाटलं असतं की तू विसरलीस.

रिपोर्ट या आठवड्यात येईल. तोही पाकिटात येईल आणि वर तुझं नाव नसेल. ताई, तुझ्याच पोटातलं पत्र आहे ते. उघड. आकडा काहीही असो, मी पुढची गाडी पकडून येते. गणवेश गेले खड्ड्यात, मुलं जुन्याच कपड्यांत शाळेत जातील.

लोभ तर आहेच, वर धाक घालते.

तुझी,
धाकटी


२१ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शिक्षा अशी, की हे पत्र तू मेहुणेबुवांना मोठ्याने वाचून दाखवायचंस.

काल हॉस्पिटलात रिपोर्टच्या खिडकीवर पाकीट मिळालं. वर सर्जनबाईंचं नाव. मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. तुझा धाक आठवला, केसातली पिनही काढली. नाही जमलं ग. बासष्ट वर्षांचे हात ऐकत नाहीत. तशीच वर गेले आणि पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन काढून स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली. शेजारी माझं नाव लिहिलं, पूर्ण, आणि खाली सही केली. माणूस जागा सोडून गेला की आम्ही टपालावर पत्ता बदलतो, अगदी तसं. मग ते माझ्यापुढे सरकवून खुर्चीला टेकून बसल्या. हे त्यांना कुणी शिकवलं? मी तर पाकिटाचं अवाक्षर बोलले नव्हते. एक बाई मात्र ऑपरेशनच्या दिवशी त्यांच्याशी कॉरिडॉरमध्ये बराच वेळ कुजबुजत होती, असं नर्सकडून कळलं. चहाडखोर! जन्मभर उपकार विसरणार नाही.

पिनेने फोडलं. मीच वाचलं.

तिसरी स्टेज आहे. गर्भाशयातला रोग लहान आहे, अंडाशयं आणि नळ्या स्वच्छ, पण काढलेल्या ग्रंथींपैकी एकीत त्या पेशी सापडल्या. स्कॅनमध्ये दिसण्याइतक्या मोठ्या नव्हत्या. पत्र घरात आहे असं वाटत होतं, एक कागद गल्लीत गेला होता. ग्रेड एकच राहिला.

मग मी पंख्याकडे न बघता विचारलं. एकोणीस दिवस रेडिओशेजारी ठेवलं, त्यामुळे का? त्यांनी घाईने नाही म्हटलं नाही, त्याचं मला फार बरं वाटलं. विचार करून म्हणाल्या की एवढं अंतर एकोणीस दिवसांत कापलं जात नाही, त्या पेशी त्याआधीच तिथे असणार. आधीच्या सहा महिन्यांचं मात्र त्या सांगू शकत नाहीत, आणि माझ्या समाधानासाठी खोटंही सांगणार नाहीत. मी म्हणाले, मला एवढंच हवं होतं. ती चिठ्ठी तिथेच त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

पुढे औषधाच्या सहा फेऱ्या आणि मग किरणं. नुसतं लांबवायचं म्हणून नाही, बरं करायचं म्हणून, हे त्यांनी आपणहून सांगितलं. ग्रंथी काढून तपासल्या नसत्या, तर मी पहिली समजून घरी आले असते आणि औषध चुकीच्या पत्त्यावर गेलं असतं. आकडा मोठा निघाला म्हणून रडायचं की तो सापडला म्हणून हात जोडायचे? मी दोन्ही केलं, आधी दुसरं. पुढे मी ठणठणीत झाले तरी कागदावर तीनच राहणार म्हणे, पाकिटावरचा पहिला शिक्का पुसत नाहीत तसा. राहू दे. सुरुवात कुठून झाली ते ठाऊक असावं.

लादी पुसणाऱ्या मावशींना नाव विचारलं. त्या हसल्या आणि त्यांनी आधी माझं विचारलं. येताना डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात डोकावले. त्या रजेवर गेल्या की रिपोर्ट आता दुसऱ्या डॉक्टर उघडणार, अशी पाटीच लागली आहे. खाली माझं नाव नाही, पण भाषा माझी आहे.

पहिली फेरी पाच मे. ये. उशी इथेच राहिली आहे, मी वापरते. विटांपेक्षा बरी आहे.

सोबत रिपोर्टची प्रत आणि सर्जनबाईंनी चित्र काढलेलं ते कार्ड. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही, नुसती जीभ आत खोचली आहे. छाननीच्या टेबलावर आता बऱ्याच बायका आहेत, पन्नाशीच्या आसपासच्या. वाटेत कुणी उघडून वाचलं तर वाचू दे.

लोभ उघडाच आहे, तो तसाच असावा.

तुझी,
ताई