सरासरी १२८

२ डिसेंबर
आजपासून साखर मोजणार. तीही शास्त्रोक्त. शहाद्याच्या डॉ. कोकिळाबाईंनी आज माझे दोन्ही पाय तपासले. डोळे मिटायला सांगून त्या तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवतात, कळला की 'हो' म्हणायचं. दहा ठिकाणी टेकवला. मी डोळे किंचित किलकिले ठेवले होते. दहापैकी दहा. तरी बाई म्हणाल्या, सर, साखर अशीच राहिली तर पाय वाचवणं अवघड जाईल.

माझ्या थोरल्या भावाला, उखाभाऊंनाही असंच कोणीतरी सांगितलं होतं. त्यांचा पाय गेला त्याला आता चार वर्षं होतील. पण उखाभाऊ मोजत नव्हते. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो.

५ डिसेंबर, सकाळ
मशीन आणलं. पट्ट्या महाग आहेत. रोज मोजायची गरजही नाही. नमुना चांगला असला की त्यावरून सगळ्याचा अंदाज येतो, फर्स्ट इयरला दरवर्षी हेच सांगतो. शितावरून भाताची परीक्षा. आज १२४. उत्तम. काल संध्याकाळी जेवलो नव्हतो.

९ डिसेंबर
पुतण्याचा साखरपुडा. वरणबट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. असा दिवस मोजण्यात धरत नसतात.

१० डिसेंबर
मी नीट जागा व्हायच्या आत मंगलाने माझं बोट टोचलं. ३१२. बोटाला बुंदीचा पाक राहिला असणार. हा आउटलायर. वगळला. मंगला म्हणाली, तुम्ही मोजतस त्याच दिन साखर कमी ऱ्हास, बाकीना दिन कोठे जास? बायको असली तरी प्रश्न रीतसर होता, म्हणून तिला नमुना त्रुटी समजावून सांगितली. नमुना आणि समष्टी, म्हणजे सगळे दिवस, यांच्यात थोडाफार फरक राहतोच, त्यात कोणाची चूक नसते. मी सांगत असतानाच ती कणीक मळायला निघून गेली.

१८ डिसेंबर
वर्गात प्रॅक्टिकल. वेळ कमी होता, म्हणून पुढच्या दोन बाकांवरच्या मुलांची उंची मोजून सगळ्या वर्गाची सरासरी काढली. मागून दलसिंग म्हणाला, सर, पुढे तर बुटकेच बसतात. वर्ग हसला. त्याला खाली बसवलं. मुलांना शिस्त राहिलेली नाही.

३१ डिसेंबर
महिन्याच्या सात नोंदी झाल्या, सरासरी १२८. सातही उपासाच्या दुसऱ्या दिवशीच्या आल्या, हा योगायोग. कोकिळाबाईंना अभिमानाने वही दाखवली. त्यांनी वही मिटून ठेवली आणि रक्त काढून लॅबला पाठवलं. या टेस्टने म्हणे मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते. मी म्हटलं, बाई, समष्टीचा खरा आकडा कधी कळत नसतो, आपण फक्त अंदाज बांधायचा.

२ जानेवारी
रिपोर्ट आला. ११.४. सातच्या आत हवा होता. बाई म्हणाल्या, सर, तुमच्या वहीत सात दिवस आहेत, रक्ताने एकही दिवस गाळलेला नाही. इन्सुलिन लिहून दिलं. लॅब नवीनच निघालेली आहे, दुसरीकडे करून बघू. इन्सुलिन तोवर फ्रिजच्या दारात राहील.
संकल्प: रोज चार किलोमीटर चालणे. बूट आणले.

२ फेब्रुवारी
अखेर फिरायला गेलो. घरी येऊन उजवा बूट काढला तर मोजा लाल. बाभळीचा काटा बुटाच्या तळातून अंगठ्यात शिरलेला. कधी शिरला, पत्ता नाही. दुखलं नाही त्याअर्थी वरवरचाच असणार. मुळात माझी सहनशक्ती दांडगी. हळद भरली.

१४ फेब्रुवारी
अंगठा वरून पाहिला. ठीक आहे. खालून बघायचं तर वाकावं लागतं, ते पोटामुळे जमत नाही. मंगला म्हणाली, घरमा वास ई ऱ्हायना. म्हटलं, कारखान्याचं गाळप चालू आहे, मळीचा वास आहे. लग्न होऊन तू इथे आलीस तेव्हापासून दर हिवाळ्यात येतो. ती म्हणाली, हाऊ वास तो नही. या बायकांना पुरावा देता येत नाही.

२१ फेब्रुवारी
ताप. हवा बदलते आहे. थर्मामीटर दोनदा लावला. एकदा १०२, एकदा ९९. दुसरा धरला. लेकीचा, मोहिनीचा सुरतहून व्हिडिओ कॉल आला. पप्पा, पाय दाखवा म्हणाली. तिच्या जिवाला घोर नको म्हणून डावा दाखवला.

३ मार्च
कारखान्याचा पट्टा पडला. गाळप संपलं. ऊसतोडीवाल्यांच्या टोळ्या सामान बांधून गेल्या. आता मंगलाची कटकट थांबेल.

५ मार्च, सकाळ
वास आहेच.

९ मार्च, नंदुरबार
उजवा पाय गुडघ्याखाली काढला. सर्जन म्हणाले, महिनाभर आधी आला असतात तर अंगठ्यावर भागलं असतं.
दुपारी उखाभाऊ कुबड्या टेकत आले. पलंगाशी बसून राहिले. चादर जिथे एकदम सपाट होते तिकडे बघत म्हणाले, तू तं मोजी ऱ्हायंता ना रे? फार लाज वाटली.

२९ मार्च
कोकिळाबाई घरी आल्या. आता डावा पाय तपासायचा. हा तरी राहिला पाहिजे, म्हणून आज प्रामाणिकपणे करायचं ठरवलं. मीच मंगलाला डोळ्यांवर टॉवेल धरायला सांगितलं. बाई म्हणाल्या, कळलं की हो म्हणा. बॅगेची चेन वाजली.
डाव्या पायाची मला खात्री होती. दोरा स्पष्ट कळत होता. आधी अंगठ्याला, मग टाचेला, मग करंगळीखाली. हो. हो. हो. चौथ्यांदा हो म्हटलं. टॉवेल डोळ्यांवरून खाली आला.
मंगला म्हणाली, त्यास्नी अजून हात बी लाया नही.