लाम्ब्रिनीचा चोंबडेपणा

मंगळवार, ८ ऑक्टोबर १९६३

प्रिय एव्हांथिया,

ताईचे आशीर्वाद. तिकडे यानिना शहरात तुम्ही सगळे सुखरूप असाल. मीही ठीक आहे. अक्रोड झोडपून झाले, यंदा निम्मे किडके निघाले. आरेतीच्या लग्नासाठी विणत होते ती चादर पुरी झाली. लाल काठ जरा भडक झालाय, पण पोरीला आवडेल.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, "ताई, माझ्या लेकीच्या लग्नात चोंबडेपणा केलास, तर मला बहीण नाही असं समजेन." वाचलं. राग कुठल्या तोंडाने येणार? तुझा पहिला साखरपुडा मीच मोडला. मुलगा दारू पितो, असं मी बाबांना सांगितलं. त्याला प्यायलेला मी कधी पाहिलाच नव्हता. धाकटी आधी उजवली जाणार, हे मला सहन होत नव्हतं. वीस वर्षांनी कबूल करते आहे.

तेव्हापासून मी गावाची चोंबडी. शेजारणीची बकरी का लंगडते हे विचारावं, तो शेजारधर्म. शेजारीण का लंगडते हे विचारावं, तर चोंबडेपणा! पुरुषांना हा शब्द कधी चिकटत नाही. ते कॉफीच्या दुकानात बसून अख्खं गाव चघळतात, त्याला चौकशी म्हणायचं.

म्हणून मी सुधारले होते. तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या उन्हात, पागोना चाळणी मागायला आली. तुझ्या होणाऱ्या जावयाची, स्तेर्यिओसची, पहिली बायको. अंगात बोटांपर्यंत लोकरीच्या बाह्या. मी काही विचारलं नाही. चाळणी दिली. ती दारात उगाच घुटमळली, मग गेली. महिन्याभरात वारली. तापाने, असं स्तेर्यिओसने सांगितलं.

गेल्या आठवड्यात तिला थडग्यातून वर काढलं. दुसऱ्या लग्नाआधी पहिलीच्या अस्थी पेटीत जायला हव्यात, म्हणून त्याचीच घाई. हाडं वाइनने धुवायचं काम इथे माझंच, तुला माहीत आहे.

एव्हांथिया, तापाने हाडं मोडत नाहीत. तिचा डावा हात दोनदा मोडून वेडावाकडा जुळला होता. आणि कवटीला मागून भेग होती, ती जुळलीच नव्हती. माझे हात थांबले. पाद्रीबाबा पुटपुटले, "लाम्ब्रिनी, धू आणि ठेव." स्तेर्यिओस समोर पांढरं कापड धरून उभा होता. तो हाडांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"मावशी, फार वेळ लावताय," एवढंच म्हणाला.

ते हाताचं हाड मी पेटीत ठेवलं नाही. एप्रनमध्ये घालून घरी आणलं.

काल तो चीज घेऊन आला. चांगलं, ताजं. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आरेती सांगते, तुम्हाला सगळ्यात हात घालायची सवय आहे. जपा हो, या वयात हात मोडला तर जुळत नाही." हसला. चीज मी कुत्र्यालाही घातलेलं नाही. आज कळलं, त्याने पाद्रीबाबांकडून अस्थिघराची किल्ली मागून नेली आहे. पेटीत काय कमी आहे, ते त्याला कळलं असणार.

टपालवाला त्याचा मावसभाऊ, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. मी एकदा खोटं बोलले, ते मला मान्य. पण पागोनाला मी जे विचारलं नाही, ते तू आरेतीला विचार. तिच्या बाह्या वर करून बघ. हो, आत्ताच, लग्नाआधी. आणि तिला घराबाहेर सोडू नकोस.

रविवारी लग्नाला मी चर्चमध्ये येणार आहे, तू बोलाव अथवा न बोलाव. हाड बरोबर आणीन आणि सगळ्यांसमोर विचारीन.

आणि रविवारी मी आले नाही, तर ताई शेवटी सुधारली, असं मात्र समजू नकोस.

तुझी चोंबडी बहीण,
लाम्ब्रिनी