सांगलीचे पेढे

अण्णा,

तुम्ही खटला जिंकलात की आई आळीभर पेढे वाटायची. साताऱ्यातल्या आपल्या घराची ती रीतच होती. एक बायको असताना दुसरी करायला बंदी घालणारा कायदा तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात नुकता आला होता आणि त्याच्या बाजूनं तुम्ही भर सभेत भाषण केलं होतंत. बायका आईला म्हणत, नवरा मिळावा तर असा. मी सहा वर्षांची. मला नवा परकर शिवलात आणि खटला आहे म्हणून सांगलीला घेऊन निघालात. नाक्यावर मोटार थांबली तेव्हा तुम्ही बोट दाखवलंत, "इथून पुढं संस्थान. आपला कायदा इथं संपला." हद्द म्हणजे काय, ते मला तुम्हीच शिकवलंत. नदीकाठच्या त्या घरात तुम्हाला मुंडावळ्या बांधल्या, तरी मी निवांत जिलबी खात होते. मला वाटलं, संस्थानात वकील असेच बसत असतील आणि शेजारी शालू नेसून बसलेली ती तुमची अशील असणार.

परतताना तुम्ही पेढ्यांचा पुडा घेतलात. तो तुम्ही आईच्या हातात दिलात, हे मला अजून गिळवत नाही. तिनं तो देवापुढे ठेवला आणि वाटायला निघाली. शेजारच्या सुभेदारीणबाई पेढा खात म्हणतात, "आवं वैनी, लय मोठा खटला दिसतोय." आणि मी परकर मिरवत सांगते आहे, "हो, अण्णांनी मुंडावळ्यासुद्धा बांधल्या होत्या." आईच्या हातातलं ताट हललं नाही. दोन घरं राहिली होती, तिथंही ती देऊन आली. मग घरात येऊन तिनं तुम्हाला एवढंच विचारलं, "आता माझं काय?" तुम्ही टोपी खुंटीला अडकवलीत. "लग्न सांगलीत झालंय. इथला कायदा तिथं पोचत नाही." तिनं विश्वास ठेवला. वकील तुम्ही होतात.

कायदा शिकायला गेले तेव्हा आधी तोच काढून वाचला. हद्दीबाहेर जाऊन केलेलं लग्नही त्यानं रद्द ठरत होतं. तुम्हाला ते पाठ असणार. सवत आणलीत त्याहून हे खोटं मला जास्त लागलं. आईला सांगितलं, तर भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आता कशाला सांगतेस? कायद्याचाच इलाज नव्हता, एवढ्यावर मी दिवस काढले."

देशोदेशींचे कायदे शिकले, परमुलखात वकिली केली, ती त्या रागावरच. आपल्या देशातून लग्न करून इकडे आणलेल्या आणि मग वाऱ्यावर सोडलेल्या बायका माझ्याकडे येतात. प्रत्येकीला नवऱ्यानं सांगितलेलं असतं, तुझा कायदा इथं चालत नाही. मला तुमचाच आवाज ऐकू येतो आणि मी तुमच्याशीच भांडते.

परवा त्यांतली एक खटला जिंकली. मिठाईचा डबा घेऊन आली. मी तो आधी बाजूला ठेवला, कशाची मिठाई ते तिच्या तोंडून नीट ऐकून घेतलं आणि मगच तुकडा उचलला. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तोंडात तो विरघळत असताना मनात पहिलं आलं ते हेच, की अण्णांना सांगायला हवं.